महिन्याभरापूर्वीचा दीडशे वर्षांचा दरवाजा

लातूर शहरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. त्यांच्या यजमानांची मोंढ्यात आडत असून गेल्या वर्षी या कुटुंबाने शहरात नवे घर बांधले. मूळ गाव औसा तालुक्यातले. तिथला वाडा १९९३ च्या भूकंपात पडला आणि ढिगाऱ्यातून निघालेले सागवान सासऱ्यांनी पुढच्याच वर्षी मोडीच्या भावाने विकून टाकले. नव्या घराच्या बैठकीसाठी या बाईंनी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात कोरीव दरवाजा पसंत केला. तो ‘दीडशे वर्षांपूर्वीच्या वाड्यातला’ असल्याचे विक्रेत्याने तोंडी सांगितले. किंमत १,१०,००० रुपये ठरली आणि बाईंनी २५,००० रुपये इसार दिला. पुढच्या आठवड्यात चौकटीचे माप घ्यायला आलेला सुतार चहा पिता पिता सहज बोलून गेला की, हा दरवाजा त्याने स्वतःच महिन्याभरापूर्वी घडवला आणि तो जुना दिसावा म्हणून नंतरचे चार दिवस त्याच्यावर खपला. यजमान म्हणतात, दिसायला जुना आहे ना, मग झाले. कुणी विचारले तर आपल्याच वाड्याचा आहे म्हणून सांगू. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, मी फाटकी जीन्स आणली तेव्हा तू मला आठवडाभर बोलत होतीस. सासूबाई या विषयावर काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: वाड्यातून वाचलेले एक पितळी घंगाळ गच्चीवर पडून आहे, त्याला मोठा पोचा आहे, तो काढून आणि पॉलिश करून घंगाळ बैठकीत ठेवावे असे बाईंना वाटते, पण सासूबाई भांडेवाल्याला त्याला हात लावू देत नाहीत. बाईंचा प्रश्न असा: ‘मी फसले आहे का, आणि हे सगळे कळूनही तो दरवाजा मला आवडतो याची मला लाज वाटायला हवी का?’

तुम्ही दोन प्रश्न एका वाक्यात गुंफले आहेत आणि ते एकमेकांपासून सोडवून घेतल्याशिवाय उत्तर देणे मला जमणार नाही. फसणे हा तुमच्या आणि दुकानदाराच्या मधला व्यवहार आहे आणि त्याला पावती, इसार, कायदा अशी उत्तरे आहेत. आवडणे हा तुमच्या मनाचा मामला आहे आणि त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही ती वाटते आहे, म्हणजे बोच दुसरीकडेच कुठेतरी असणार. ती कुठे आहे याचा मला पत्रावरून थोडा अंदाज आला आहे, पण तिथे आपण सावकाश जाऊ.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही एकट्याच नाही हे तुम्हाला कळेल. काही वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका दुकानातून मी एक पितळी टेबलदिवा आणला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळातला म्हणून तो मला विकला गेला. पितळ काळपट होते, कंगोऱ्यांत हिरवी पुटे साचली होती आणि मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो कौतुकाने दाखवत असे. एका पावसाळ्यात बुडाला चिकटवलेले मखमलीचे कापड सुटले आणि आत अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले तीन स्क्रू निघाले. तशा खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आले आणि महबूब अली खान १९११ मध्येच वारले होते. दिवा अजून माझ्या टेबलावर आहे, कारण त्याचा उजेड चांगला पडतो. कौतुक तेवढे बंद झाले.

आता तुमच्या सुताराच्या त्या चार दिवसांकडे येऊ. दुकानांत ज्याला ‘अँटिक फिनिश’ म्हणतात ते काम साधारण असे चालते. नव्या लाकडावर सायकलची किंवा विहिरीची जुनी साखळी आपटून खळगे पाडतात, खिळ्याने आणि बारीक गिरमिटाने किडीची भोके काढतात, कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने घासून बोथट करतात. मग चहाचे दाट पाणी किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लोखंडी किसाचे पाणी फिरवतात आणि शेवटी काजळी मिसळलेले मेण चोळून ते फटीफटीत राहील अशा बेताने पुसून घेतात. यातले लोखंडाचे पाणी तुम्हाला परके वाटायला नको. बाभळीच्या लाकडात ठोकलेला खिळा गंजला की त्याच्याभोवती काळा डाग पडतो, हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की पूर्वी शाई तयार होई, आणि इथेही तेच घडते: लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की रंग काळवंडतो. ऊन, पाऊस आणि चुलीचा धूर जे काम दोन पिढ्यांत करतात, ते एका रात्रीत उरकते. हे कौशल्याचे काम आहे आणि त्याची मजुरी मागण्यात कसलीही लबाडी नाही. त्या सुताराने तर ते तुमच्यापासून लपवलेसुद्धा नाही.

फरक पडतो तो झिजेच्या जागेत. माणसांनी वापरलेल्या दाराची झीज सगळीकडे सारखी नसते. कडीभोवती हात लागून लाकूड गुळगुळीत होते, बिजागरीच्या बाजूला कुणाचा हात जात नाही म्हणून तिथे ते नुसतेच वाळते. रोजच्या सड्याचे शिंतोडे उडून तळाची वीतभर फळी वेगळ्या रंगाची होते. उंबरठा मधोमध खोलगट होतो. वरच्या गणेशपट्टीवर वर्षानुवर्षांच्या शेंदराचा आणि तेलाचा चिकट थर बसतो आणि तो नखाने सहज निघत नाही. साखळीने पाडलेले खळगे मात्र दारावर गारा पडल्यासारखे सगळीकडे सारखे पसरलेले असतात, अगदी कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवरही. किडीची भोके पाहायची असतील तर त्यांत बारीक तार घाला. खऱ्या किड्याची वाट आत वळते आणि तार अडते, गिरमिटाची वाट सरळ जाऊन थांबते. त्यातही पक्क्या जुन्या सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे ‘अस्सल सागवान’ म्हणून विकायला ठेवलेल्या दारावर भोकांची रांगोळी दिसली तर दोनपैकी एक गोष्ट खोटी आहे असे खुशाल समजा. दाराची मागची बाजूही बघा. गोल पात्याच्या यंत्रकरवतीने अर्धवर्तुळाकार ओरखडे उठतात, हातकरवतीचे ओरखडे सरळ पण वेडेवाकडे असतात. जुने लोहारी खिळे चौकोनी अंगाचे आणि टोकाकडे निमुळते असतात. एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात आणि ही दहा मिनिटे तुम्हाला पुढे उपयोगी पडणार आहेत.

मग अशी वस्तू आपल्याला का आवडते? घराण्याचा दिमाख हे एक कारण असते आणि ते मी नाकारत नाही. आपल्या भागात लग्नाच्या बैठकीत ‘आमची गढी होती’ असे सांगणारे इतके लोक मला भेटले आहेत की, त्या सगळ्या गढ्या खरोखर उभ्या असत्या तर मराठवाड्यात पेरायला रान उरले नसते. पण तुमच्या पत्रात दिमाख फारसा दिसला नाही. तुम्ही लिहिले आहे की, नव्या घरात पाय ठेवताना ‘कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखे’ वाटते. हे मला फार ओळखीचे वाटले. नवी वस्तू आपल्याकडून राखण मागते. सोफ्यावरचे प्लॅस्टिक सहा महिने निघत नाही, फरशीवर पहिला ओरखडा पडतो त्या दिवशी घरात कुणीतरी ओरडा खाते, आणि या सगळ्या राखणीत माणूस स्वतःच्याच घरात अवघडून बसतो. आधीच ओरखडलेले लाकूड या चिंतेतून सोडवते, कारण त्याच्यावर आणखी एक ओरखडा पडला तरी बिघडत नाही. बनावट जुनेपणाच्या आवडीत हा एक अगदी साधा, प्रामाणिक दिलासा असतो आणि त्याची कुणी टिंगल करू नये असे मला वाटते. मात्र त्या दिलाशासाठी दीडशे वर्षांची गोष्ट विकत घ्यावी लागत नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलेले आहे, त्याला थोडे हलवून पाहतो. हा दरवाजा खरोखरच जुना निघाला असता तर सगळे ठीक झाले असते, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे झाले असते का? जुने दरवाजे बाजारात येतात ते कुणाचा तरी वाडा उतरवल्यावर. भावकीची वाटणी, कोर्टकज्जे, कर्ज, शहरात गेलेल्या मुलांनी फिरवलेली पाठ, अशा कारणांनी ढाळजेपासून माळवदापर्यंत सगळे घनफुटाच्या हिशेबाने विकले जाते. आपल्या लातूर-धाराशिवकडे तर आणखी एक कारण घडून गेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारी परिसरात जमीन हलली आणि हजारो माणसे आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे, हेच त्या घरांचे वैभव होते आणि त्यानेच घात केला. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि खणांचे लाकडी खांब-तुळया तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या खांबांचे आणि दारांचे पुढे काय झाले, हे तुमच्या सासऱ्यांच्या व्यवहारातून दिसतेच. त्यांनी ‘मोडीत घातले’ असे तुम्ही थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. ज्या माणसाने त्या दारातून कुणाला बाहेर काढले असेल किंवा काढता आले नसेल, त्याला ते दार पुन्हा उभे करायचे नसेल, हेही शक्य आहे. मला ठाऊक नाही, पण तुमच्या सासूबाईंना ठाऊक असणार.

म्हणून यजमानांच्या सूचनेला मी स्पष्ट विरोध करतो. ‘आपल्याच वाड्याचा आहे म्हणून सांगू’ हे पाहुण्यांसाठी निरुपद्रवी वाटते, पण ज्या बैठकीत ते सांगितले जाईल तिथे सासूबाई बसलेल्या असतील. कोणत्या खोलीला कोणते दार होते, कोणत्या दाराची कडी करकरायची, कुठले दार त्या पहाटे अडकून बसले, हे त्यांना डोळे मिटून सांगता येईल. त्यांच्या देखत महिन्याभरापूर्वीच्या फळ्यांना त्या वाड्याचे नाव देणे म्हणजे त्यांच्या आठवणीवर दुसऱ्याची सही करण्यासारखे आहे. त्या बोलणार नाहीत. तुम्ही लिहिलेच आहे की त्या बोलत नाहीत. पत्रभर तुम्हाला बोचते आहे ते हेच असावे असा माझा कयास आहे, चुकला असेल तर सोडून द्या.

वस्तू जुनी दिसेल अशी घडवणे आणि ती जुनी आहे असे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिदरचे कारागीर जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवतात आणि नंतर बिदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून केलेल्या उकळत्या पाण्यात वस्तू काळी करतात. तो काळा रंग वयाचा नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. चांदी उठून दिसावी म्हणून तो केलेला असतो. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या खास कार्यशाळेने १९९५ मध्ये मुद्दाम झिजवलेल्या, रंग उडालेल्या नव्या गिटारी काढल्या आणि कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त पैसे मोजून लोक त्या घेऊ लागले. हसू येते खरे, पण तिथेही कुणी कुणाला फसवत नाही. याउलट १४९६ मध्ये तरुण मायकेलअँजेलोने झोपलेल्या कामदेवाची एक संगमरवरी मूर्ती घडवली, तिला पुरातन दिसेल असे रूप दिले गेले आणि एका दलालामार्फत ती रोममधल्या कार्डिनल रियारिओ या बड्या धर्मगुरूंना प्राचीन म्हणून विकली गेली. बनाव उघडकीला आला तेव्हा कार्डिनलने मूर्ती परत करून आपले पैसे दलालाकडून वसूल केले, आणि अशी मूर्ती घडवू शकणाऱ्या त्या पोराला मात्र रोमला बोलावून घेतले. हा शहाणपणाचा निवाडा मला फार आवडतो आणि तुमच्या प्रकरणातही तो जवळपास जसाच्या तसा लागू पडेल.

मुलाच्या जीन्सबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण त्याचा टोमणा अगदीच पोकळ नाही. विटक्या जीन्सचा विटकेपणा आणण्याची एक पद्धत म्हणजे कापडावर दाबाने वाळूचा मारा करणे. त्या वाळूतली सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तुर्कस्तानात या कामातले तरुण कामगार दगावू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने २००९ मध्ये डेनिमवरच्या या प्रक्रियेवर बंदी घातली. तेव्हा मुलाला ‘फाटके का घालतोस’ असे विचारण्याऐवजी ‘हे कसे झिजवले आहे’ असे विचारा, आणि तोच प्रश्न दरवाजा घासणाऱ्या सुतारालाही विचारा: तोंडाला काही बांधतोस का?

आता पैशांचे पाहू. तुमच्या पावतीवर ‘कोरीव दरवाजा, अँटिक फिनिश’ असे छापलेले आहे आणि ‘दीडशे वर्षे’ हे शब्द फक्त तोंडी आहेत. म्हणजे पावती दुकानदाराच्या बाजूची आहे. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले असतील तर त्यांच्याखाली काय लिहिले आहे ते आधी शोधा. तिथे ‘जुन्या वाड्यातला’ असे काही सापडले तर ते जपून ठेवा. मग दुकानात जा, पण सुताराचे नाव काढू नका. तो गरीब माणूस खरे बोलला आणि त्याची रोजी जाऊ नये. वर सांगितलेली दहा मिनिटांची तपासणी स्वतः करा, मागच्या बाजूचे अर्धवर्तुळाकार ओरखडे आणि सरळ भोके दुकानदाराला दाखवा आणि एवढेच म्हणा की, दीडशे वर्षांचा असेल तर बिलावर तसे लिहून द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. तो परवानाही दाखवायला सांगा. माझा अनुभव असा की, या क्षणी दीडशे वर्षे फार झपाट्याने कमी होतात आणि ‘म्हणजे ताई, तसा लुक आहे’ असे उत्तर येते.

तिथून पुढे तुमच्यासमोर खऱ्या अर्थाने दोन वाटा आहेत. व्यवहार मोडायचा असेल तर वस्तूचे वय खोटे सांगून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, या मुद्द्यावर इसार लेखी मागा. दुकानदाराने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. तोंडी शब्दाचा पुरावा कमजोर असतो, म्हणून पूर्ण रक्कम परत मिळेलच असे मी सांगणार नाही. दुसरी वाट मला जास्त पटते. दुकानदाराला सांगा की याच मापाचा, याच कोरीव कामाचा दरवाजा साखळी न आपटता, रंग न चढवता किती रुपयांत द्याल, तो आकडा सांगा. कोरा दरवाजा आणि जुना दिसणारा दरवाजा यांच्या किमतींतल्या फरकातून सुताराची चार दिवसांची मजुरी वजा करा. जे उरेल ती त्या गोष्टीची किंमत आहे आणि ती देण्याचे तुम्हाला काही कारण नाही. इसार तसाच ठेवून कोरा दरवाजा घ्या. कार्डिनलने गोष्ट परत केली आणि हात ठेवून घेतला, तसे काहीसे. साध्या तेलपाण्यावर ठेवलेले सागवान पाच-सात वर्षांत आपोआप गडद होते, आणि कडीभोवती जे गुळगुळीत होईल ते तुमच्या घरातल्या हातांनी होईल.

तरीही तयार असलेला तोच दरवाजा तुम्हाला आवडतो, म्हणाल तर घ्या. योग्य भावात घ्या, बिलावर ‘नवीन’ हा शब्द लिहून घ्या आणि कुणी विचारले तर ‘संभाजीनगरहून आणला, जुन्या घाटाचा आहे’ असे सांगा. पाहुण्यांना तेवढे पुरते.

असेच काही घ्यायला निघालेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. घासून रंग उडवलेल्या खऱ्या जुन्या दारा-खिडक्या घरात लहान मूल असेल तर जपून घ्या, कारण जुन्या रंगांत शिसे असे आणि त्या रंगांचे टवके किंवा भुकटी पोटात जाणे वाईट. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. हिरवी पुटे चढवलेली पितळी-तांब्याची भांडी शोभेलाच ठेवावीत. ती मीठ आणि आंबट द्रावाने चढवलेली असतात आणि त्या भांड्यात अन्न शिजवले तर ते कळकेल. अशी भांडी वापरायचीच असतील तर पुटे पूर्ण काढून कथलाची कल्हई करून घ्यावी लागते. ‘व्हिंटेज वाकळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोधड्यांचा मऊपणा अनेकदा कारखान्यातल्या धुलाईचा असतो, ठिगळेही कधीकधी छापलेली असतात. घरात जुनी लुगडी असतील आणि टाके घालणारी एखादी आजी गावात असेल तर तीच मजुरी तिला द्या. आणि खरे वय कसे दिसते याची नजर बसवायची असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहून या. प्राचीन तगर नगराच्या मातीतून निघालेल्या वस्तू तिथे आहेत. त्यांतल्या बऱ्याच फुटक्या, विद्रूप आणि बैठकीत मुळीच न शोभणाऱ्या आहेत.

आता तुमचे घंगाळ. पत्रात तुम्ही त्याला ताजा कलमात तीन ओळी दिल्या आहेत आणि दरवाजाला तीन पाने, तरी माझे मन त्या तीन ओळींपाशीच घुटमळले. दारावर कुणीतरी चार दिवस बसून खळगे पाडले ते तुम्ही लाखाने घ्यायला निघाला आहात आणि घंगाळाला एका पहाटे पडलेला पोचा पैसे देऊन काढायला निघाला आहात. हे मी टोचून बोलत नाही. मी तुमच्या जागी असतो तर माझ्याही लक्षात आले नसते, कारण गच्चीवरच्या वस्तूकडे आपण वस्तू म्हणून पाहतच नाही. पण यावरून ‘मग घंगाळच बैठकीत मांडते’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. ते तुमच्यासाठी वाड्याची खूण असेल, सासूबाईंसाठी ते कदाचित फक्त त्या पहाटेची खूण असेल, आणि ती रोज पाहुण्यांच्या चहासमोर असावी असे त्यांना वाटणार नाही. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: हे घंगाळ वाड्यात कुठे असायचे, पोचा कशाने पडला, ते बाहेर कुणी काढले. उत्तर मिळाले तर मुलाला ऐकू द्या, मिळाले नाही तर पुन्हा विचारू नका.

त्यांनी घासायला परवानगी दिली तर चिंच आणि राख पुरेशी आहे. पोचा ठोकून काढायच्या फंदात पडू नका, एवढे जुने पितळ ठोकताना चिरते आणि मग डाग दिलेला दिसत राहतो. त्यांनी ते गच्चीवरच राहू दे म्हटले तर गच्चीवरच राहू द्या. तिथे त्यात तुळस लावायचा विचार असेल तर पाणी निघून जावे म्हणून बुडाला भोक पाडू नका, आत कुंडी ठेवा.